एकहाती गाडी

निंबाची पानं पिवळी होऊन अंगणात लोळायला लागली, पहाटे गारवा आणि दुपारी चटका असं दुतोंडी हवामान सुरू झालं, की लोकांना वसंत आठवतो. मला झडती आठवते. दहावीची परीक्षा आली. आता महिनाभर मी माणसाकडे सबंध माणूस म्हणून बघणार नाही. बाह्या, मोजे, कंपासपेटीचं झाकण, पट्टीची मागची बाजू, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल, असं तुकड्या-तुकड्यानं बघणार. इतकी वर्षं पर्यवेक्षण केलेल्या बाईचे डोळे तसेच होतात. भाजीवाला 'ताजी आहे' म्हणाला की मी जुडी उलटी करते. त्यात आमचं शहर संभाजीनगर. इथं नळाला पाणी आज येणार की परवा, याबद्दल सख्ख्या जावेवरही कुणी विश्वास ठेवत नाही. गल्लीतून 'आलं हो' अशी हाक आली तरी मी आधी तोटी सोडून बघते, मग हंडे काढते.

आज सकाळी गाडी बाहेर काढली. किल्ली अर्धी फिरवून डिझेल इंजिन तापेपर्यंत लागणारा तो नारिंगी वेटोळ्याचा दिवा विझायची वाट पाहिली, मग पूर्ण फिरवली. बाईसाहेब खाकरल्या आणि खडखडत सुरू झाल्या. शेजारच्या गच्चीवर वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या वाळत घातल्या आहेत. त्यांचा खकाणा आणि डिझेलचा धूर एकदमच नाकात गेला, आणि मला तो मार्च आठवला. गाडी घरात नवीन असतानाचा. नवीन म्हणजे आमच्या घरात नवीन. तशी ती कुणाचं तरी घर जुनं करून आलेली होती.

माझा डावा गुडघा गेला तिथून हे सुरू झालं. माझी शाळा पाचोडच्या अलीकडे, बीडच्या हायवेवरून आत वळणाऱ्या रस्त्यावर. आम्ही काही शिक्षक मिळून एका गाडीनं जायचो, आळीपाळीनं चालवत. मग कुणाची बदली झाली, कुणी तिकडेच खोली केली, आणि मी एकटी उरले. एसटीची पायरी चढताना गुडघा असा ओरडायचा की कंडक्टरला ऐकू जावा. डॉक्टर म्हणाले, एसटी बंद, आणि गाडी घेतलीत तरी क्लच दाबायचा नाही. आमचे हे म्हणाले, मग नोकरीच सोड. हे म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर कालव्याचं पाणी कुठं मुरतं ते शोधणारे. 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द त्यांनी जेवताना इतक्या सहज वाढला की मला तो भाजीत आहे की काय असं वाटलं.

मला ती स्वेच्छा नव्हती. सेवेची थोडीच वर्षं उरली होती, आणि ती मला वर्गात काढायची होती, घरात नाही. यात मोठं ध्येय वगैरे काही नाही. मी वर्गात शिरते आणि बाकं सरकवत पोरं उभी राहतात, तेवढ्या वेळात माझा गुडघा दुखत नाही. घरी बसले असते तर दिवसभर गुडघाच दुखला असता, दुसरं काही झालं नसतं.

तेव्हा गाडी हवी ती क्लच नसलेली. रोजचं अंतर मोठं, म्हणून डिझेलची. कॉलनीच्या गल्लीत वळायची, म्हणून लहान. आणि थोड्या वर्षांपुरती, म्हणून वापरलेली. या चारही अटी पुऱ्या करणारी गाडी जालना रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात, मांडवाच्या कडेला उभी होती. एवढी नेमकी गाडी नेमकी आपल्यासाठी थांबलेली पाहून माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

"डिझेल बी हाय, ऑटोमॅटिक बी हाय, अन् छोटी बी हाय," तो विकणारा म्हणाला. "असं तिन्ही एकत्र आता कंपन्या काढीतच नाय, मॅडम."

"का काढत नाहीत?"

"बंद केलं ना."

"चांगलं होतं तर बंद का केलं?"

त्यानं चहा मागवला. मग म्हणाला, "डोळे झाकून घ्या मॅडम." मी देवाला नमस्कार करतानासुद्धा एक डोळा चपलांवर ठेवते. माझा चेहरा बघून त्यानं ठेवणीतला शब्द काढला. "एकहाती गाडी हाय. एकाच हाताची. लई जपून वापरलेली."

जुन्या गाड्यांच्या बाजारात मी तेवढं फिरले होते. आमच्याकडे विकायला आलेली प्रत्येक गाडी एक तर डॉक्टरची असते, नाही तर एकहाती असते. दहा जणांनी चालवलेल्या, लग्नाच्या वरातीत नाचवलेल्या, उसाच्या फडात घातलेल्या गाड्या कुठं जातात कोण जाणे. बाजारात तर आलेल्या नसतात.

मी गाडी तपासली तशी मी बोर्डाची उत्तरपत्रिकासुद्धा तपासलेली नाही. आणि मला खाडाखोड सापडली. स्टिअरिंगचं चामडं डाव्या अर्ध्या भागात झिजून गुळगुळीत झालेलं, आणि उजव्या अर्ध्या भागात जसंच्या तसं खरखरीत. डावीकडे काहीतरी आवळून बसवल्यासारखे दोन चट्टे. एकाच पेपरात दोन अक्षरं! "हे असं कसं?" मी विचारलं. तो म्हणाला, "ऊन लागलं असंल एका बाजूनं." ऊन लागून चामडं गुळगुळीत होतं हे भूगोलात मी तरी शिकवलेलं नाही. गाडीचा अपघात झालाय, स्टिअरिंग दुसऱ्या गाडीचं बसवलंय, याची माझी खात्री पटली. तरीही गाडी घेतली. शाळा उघडायला दिवस थोडे होते आणि गुडघा एकच होता.

नव्या सुनेवर सासू ठेवते तशी मी त्या गाडीवर नजर ठेवली. पहिल्याच दिवशी गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं वाचली. मागं जायचं अक्षर होतं, पुढं जायचं होतं, मोकळं ठेवायचंही होतं. पण ऑटोमॅटिकमध्ये गाडी उभी करायला म्हणून जे 'पी' असतं म्हणतात, ते नव्हतं. भाच्याच्या गाडीत मी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी नखानं खरवडून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. कुणीतरी ते अक्षर घासून काढलंय, म्हणजे तो गिअर तुटलाय, आणि ते लपवलंय, असं मी दोन दिवस धरून चालले. मग कळलं की या जातीच्या गाडीला ते नसतंच. ही आतून साधीच गाडी. फक्त क्लच आपल्याऐवजी तिचा कुणीतरी अदृश्य माणूस दाबतो. हे कळल्यावर माझा संशय त्या अदृश्य माणसावर गेला.

तो माणूस जरा मंद होता. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्षणभर विचार करायचा, आणि तेवढ्यात गाडीतल्या सगळ्यांच्या माना एकदा 'हो' म्हणून हलायच्या. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला की गाडी वीतभर मागं यायची, आणि मागचा रिक्षावाला माझ्या आईवडिलांची चौकशी करायचा. डावा पाय बिचारा रिकामा. तो सवयीनं क्लच शोधायचा, आणि त्याला काही सापडायचं नाही. निवृत्त झालेल्या माणसाचं कसं होत असेल ते मला त्या पायावरून कळलं.

पेट्रोल पंपावर तर मी अजूनही खाली उतरते. लहान गाडी, वर बाई चालवतेय, म्हणजे पेट्रोलच, अशी पंपावरच्या पोरांची समजूत असते. मी काच खाली करायच्या आत नळी उचललेली असते. "डिझेल," मी म्हणते. "पेट्रोल ना मॅडम?" "डिझेल." मग तो झाकणाच्या आतली चिठ्ठी वाचतो आणि माझ्याकडे असा बघतो, की जणू मीच काही लपवलंय. संशयी माणसाकडे कुणी संशयानं बघितलं की त्याला फार लागतं, हे लोकांना माहीत नसतं.

पण रस्ता! तो मला आवडायचा, हे मी तेव्हा घरी कधी बोलले नाही. चिकलठाणा मागं पडलं की काच खाली करायची. परीक्षेच्या दिवसांत कापसाच्या पळाट्यांचे ढीग बांधावर रचलेले असतात, कुठं गव्हावर मळणीयंत्र चालू असतं आणि भुसकट हवेत तरंगत असतं. आडूळच्या पुढं मोसंबीच्या बागा लागतात. बहार धरलेला असला की सकाळी तो वास आत येतो आणि डिझेलच्या वासाशी भांडतो. बहुतेक वेळा मोसंबी जिंकते. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत मध्येच डुलत असतात. त्यांना ओलांडताना माझी गाडी आधी ऐकलं न ऐकल्यासारखं करते, मग एकदम पाठीत कुणी हात लावल्यासारखी पुढं जाते. त्या क्षणी मला कुणाचाही संशय यायचा नाही, माझ्या वयाचासुद्धा.

आणि संध्याकाळी घरी आले की हे फाटकात उभे.

"शैला, आवाज येतोय."

"कसला?"

"खर्र... खर्र... असा. खालून."

यांना गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर स्कूटर. पण कालव्याला गळती लागली तर जमिनीला कान लावून सांगायचे, अशी त्यांची ख्याती. म्हणून मी त्यांच्या कानावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात मी ज्यांना कधी झडतीला उभं केलं नाही असा हा एकच माणूस. दुसऱ्या दिवशी, "आज जास्त येतोय." तिसऱ्या दिवशी नुसतेच बोनेटकडे बघून हुं केलं. आणि मग मलाही तो यायला लागला. आडूळ गेलं की काचा वर करायच्या, रेडिओ बंद, श्वास धरून ऐकायचं. खर्र. होता! मोसंबीचा वास यायचा बंद झाला, कारण काचा बंद. तो सगळा मार्च मी ऐकण्यात घालवला.

गाडी रफिकभाईंकडे नेली. पैठण गेटकडे एका बोळात त्यांचं गॅरेज आहे. ते बोनेटवर हात ठेवून ऐकत राहिले आणि हसले. "मॅडम, डिझेल है. बोलेगी तो सही. चूप बसली तर काळजी करा." माझी समजूत पटली नाही, एवढ्या लवकर 'काही नाही' म्हणणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो. थोड्या दिवसांनी परत गेले तर रफिकभाईंचा सूर बदललेला. माझ्याकडे न बघता, हात पुसत म्हणाले, "गाडी ठीक है मॅडम, पण लांब नका नेऊ. गावातल्या गावात चालवा." का, ते सांगेनात. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी घरी येऊन यांना सांगितलं, तर यांनी एक मोठा सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यात 'मी म्हटलंच होतं' हे सगळं आलं.

मग जेवणाच्या ताटावर पुन्हा तेच निघालं. परीक्षा संपली की गाडी विकायची. गाडी नाही म्हणजे शाळा नाही. मी 'हो' म्हटलं नाही, पण 'नाही'ही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात तेवढं पुरतं. त्या रात्री मला झोप लागली. याचाच मला सकाळी राग आला.

गणिताचा पेपर होता. आमच्या शाळेतल्या बायकांची ड्युटी पाचोडच्या केंद्रावर लागलेली. गणिताला आत जितकी मुलं असतात त्याहून जास्त माणसं कंपाउंडच्या बाहेर असतात. कुणी मामा, कुणी चुलतभाऊ, सगळे आकाशाकडे बघत उभे. मला त्या दिवशी वर्ग नव्हता. मी राखीव. केंद्रसंचालक म्हणाले, "मॅडम, तुमची नजर तेज आहे. भिंतीकडून एक चक्कर मारून या."

भिंतीलगत निंबाच्या सावलीत माझी गाडी उभी होती, आणि गाडीभोवती एक माणूस फिरत होता.

साठी ओलांडलेला, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. गाडीच्या काचेशी वाकून आत बघायचा, मग सरळ होऊन शाळेच्या खिडकीकडे बघायचा, परत वाकायचा. गाडीच्या टपावर पाय दिला तर खिडकी हाताशी येत होती. आणि अशा उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट! उजवा हात पँटच्या खिशात घातलेला, तो काही केल्या बाहेर काढत नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीचा अनुभव एका आवाजात एकवटला.

"ओ काका! काय चाललंय? खिशातला हात बाहेर काढा."

तो वळला. "कोणता, बाई?"

"उजवा. काढा आधी."

"त्यो नाय ना, बाई," तो शांतपणे म्हणाला.

आणि त्यानं डाव्या हातानं ती बाही खिशातून ओढून काढली. कोपराच्या खाली ती नुसतीच बाही होती.

मला लाज वाटली. इतकी, की मी भलतंच विचारलं, "पाणी देऊ का तुम्हाला?" तो म्हणाला, "द्या." मी गाडीतून बाटली काढून दिली. त्यानं बूच दातांत धरून बाटली फिरवली, प्यायला, आणि मग मलाच धीर देत असल्यासारखं बोलायला लागला.

"नात हाय आत. गणिताला लई भेती. तिला सोडाया आलतो, अन् ही दिसली." त्यानं बोनेटवर तळवा ठेवला. "नंबर वाचला अन् पाय हालंना. माझी व्हती ही."

चितेगावकडे एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर होता. हात मशीनमध्ये गेला. "घरी बसून करमंना. मंग ही घेतली. बिनगिअरची. चाक बी याच हाताला अन् समदं बी याच हाताला. स्टेरिंगला लट्टू बसवून घेतला, त्याला धरून गरागरा फिरवायचं. रीतसर लायसन काढलं, बाई. खोटं काम नाय." त्यानं आत वाकून पाहिलं. "लट्टू काढला व्हय त्यांनी?"

ते दोन चट्टे. ती डावीकडची झीज. मी न राहवून म्हटलं, "मला सांगितलं होतं, एकहाती गाडी आहे म्हणून."

तो असा हसला की भिंतीलगतचे मामा-काका वळून बघायला लागले. "मंग! खोटं कुठं सांगितलं त्यानं?"

मीही हसले. पण हसता हसता मला तो प्रश्न विचारायचाच होता, जो मी विकणाऱ्याला, रफिकभाईंना, स्वतःला विचारून दमले होते. "मग विकलीत का? काय खोट होती गाडीत?"

"खोट?" त्यानं बाही परत खिशात घातली. "पोरगं म्हणायचं, बाबा, गाडीतून आवाज यायलाय, आता नका चालवू. रोज म्हणायचं. सून बी म्हणायची. ऐकू ऐकू मलाबी याया लागला. इकली. अन् इकल्यावर समजलं, बाई, गाडीत काय बी नव्हतं. त्यांला माझं भ्या वाटत व्हतं. तसं तोंडावर म्हणले असते तर म्या भांडलो असतो. आवाजासंगं कोण भांडणार?"

घंटा झाली. मी किल्ली पुढं केली. माझी किल्ली मी भाच्यालासुद्धा देत नाही. "बसता का जरा आत? सुरू करून बघा."

"नगं," तो दोन पावलं मागं सरकला. "बसलो तर उतरू वाटायचं नाय."

"आता कशावर फिरता?"

"पोराला टाइम असला तर त्यो नेतो. नाय तर असतो घरीच."

पेपर सुटला. त्याची नात बाहेर आली, रडवेली, आणि तिला थोपटत तो काळीपिवळीच्या गर्दीत शिरला. मी बराच वेळ गाडीत बसून राहिले. मग काच खाली केली आणि गाडी चालू केली. खडखडाट झाला. पहिल्या दिवशी झाला होता तसाच, तेवढाच. सबंध रस्ताभर मी काच खालीच ठेवली, आणि यांचं ते 'खर्र' कुठंही आलं नाही.

घरी न जाता आधी रफिकभाईंकडे गेले. काही विचारलं नाही. नुसती समोर उभी राहिले आणि बघत राहिले. कॉपीत सापडलेलं पोर या नजरेपुढं फार वेळ टिकत नाही. रफिकभाई पाना खाली ठेवून म्हणाले, "मेरेकू अइसा नक्को देखो मॅडम. साहेब आले व्हते स्कूटरवर. बोले, मॅडमला सांगा, लांब नका नेऊ. मैं बोला, साहेब, गाडी तो अच्छी है. तर बोले, गाडी अच्छी है रफिकभाई, रस्ता खराब है."

सगळ्या गावाच्या बाह्या तपासत फिरले, आणि आपल्या घरातली एक बाही तपासायची राहून गेली.

हे व्हरांड्यात गहू निवडत बसले होते. सालभराचे गहू आले होते, आणि परीक्षेच्या दिवसांत मला वेळ नसतो म्हणून निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं. ताटाच्या कडेला खड्यांची छोटी रास. मी समोर बसले.

"अहो, आवाज कसला येतो हो?"

"खर्र..." एवढं म्हणून ते थांबले. माझ्या डोळ्यांत काहीतरी दिसलं असावं. एक खडा उचलून राशीत टाकला. मग गव्हाकडे बघतच म्हणाले, "आडूळच्या पुढं ट्रक कसे येतात, पाहिलंयस?"

"रोज पाहते."

"मी नाही पाहिलेलं. तू फाटकाबाहेर पडलीस की मी दिवसभर तेच पाहत बसतो." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "भीती वाटते मला, शैला. सरळ 'जाऊ नको' म्हटलं असतं तर तू ऐकणार होतीस?"

"नाही. भांडले असते."

"म्हणून तर."

मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. माझ्याच कानात माझ्याविरुद्ध आवाज घालून ठेवला होता या माणसानं. प्रेमानं केलं असेल; तो मुलगाही बापावर प्रेमच करत असेल. पण प्रेमानं कुणाची किल्ली काढून घेतली, तरी ती काढून घेतलेलीच असते. हे सगळं मी बोलून दाखवलं. मोठ्यानं. शेजारच्या गच्चीवर मिरच्या गोळा करणारी बाई खाली जायची थांबली.

शेवटी मी म्हटलं, "परवा विज्ञानाचा पेपर आहे. माझ्या शेजारी बसून चला. जे पाहायचंय ते एकदा डोळ्यांनी पाहा. नंतर म्हणालात 'सोड', तर आपण बोलू. पण आवाज आता काढायचा नाही."

आले. इस्त्रीचा शर्ट घालून, साईटवर निघाल्यासारखे. बसल्याबरोबर दाराच्या वरची कडी धरली ती पाचोडपर्यंत सोडली नाही. प्रत्येक ट्रकला उजवा पाय पुढं रेटून तिथं नसलेला ब्रेक दाबत होते. मला हसू येत होतं, पण मी हसले नाही. केंद्रावर ते निंबाखाली पालकांत जाऊन बसले. पेपर चालू असताना केंद्रसंचालकांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि हळूच विचारलं, "तो इस्त्रीच्या शर्टवाला सारखा इकडेच बघतोय. भरारी पथकाचा आहे का? कुणाचा माणूस आहे काही कळत नाही."

"माझा आहे," मी म्हटलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. हे 'सोड' म्हणतील की 'चालू दे' म्हणतील, ते चेहऱ्यावरून कळेना, आणि मी विचारणार नव्हते. काचा खाली होत्या. मोसंबीचा वास आला. थोड्या वेळानं शेजारी अगदीच शांत वाटलं म्हणून पाहिलं, तर यांचे डोळे मिटलेले, मान दाराकडे कललेली.

माझा विश्वास बसला नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे मास्तरणीइतकं कुणाला ठाऊक असणार? मी आधी पापण्या पाहिल्या. मग कडीकडे पाहिलं. हात तिथून सुटून मांडीवर आला होता. तेवढ्यात एक ट्रक कर्कश हॉर्न देत अगदी खेटून गेला. मी चटकन त्यांच्या उजव्या पायाकडे बघितलं.

पाय हलला नाही. समोर उसाचा ट्रॅक्टर डुलत चालला होता. मी इंडिकेटर दिला आणि त्याला मागं टाकलं.